बी.कॉम. झालं, मुंबईतच राहतो. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, मला एमबीए करायचंय. काय करू?

दोन्हीची तयारी एकत्र करा, इतकं भांडण्यासारखं त्यात काही नाही. बँकांसाठी भरती घेणाऱ्या आयबीपीएसची प्रीलिम्स (पहिली चाळणी परीक्षा) आणि महाराष्ट्रातली एमबीएची प्रवेश परीक्षा एमएएच-सीईटी, दोन्हीकडे गणित, रीझनिंग आणि इंग्रजी असतंच. फरक आहे तो निगेटिव्ह मार्किंगचा. बँकेच्या पेपरात चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि बँकेच्या पेपरात तीच सवय महागात पडते. मॉक टेस्ट वेगवेगळ्या द्या.

वयाची घाई नाही. पीओसाठी (बँकेतला प्रोबेशनरी ऑफिसर) खुल्या प्रवर्गाला ३० वर्षांपर्यंत मुभा असते, क्लार्कला २८ पर्यंत.

माझं मत विचाराल, तर आधी एखादी नोकरी धरा. अंधेरी किंवा लोअर परळच्या एखाद्या ऑफिसात अकाउंट्सचं साधं काम चालेल. जीएसटी रिटर्न आणि हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर हाताखालून गेलं की एमबीएच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. पगार कमी असेल, लोकलचा पास काढून उरेल तेवढा घरी द्या. घरच्यांचा सूर लगेच बदलतो, बघाच.

एमबीए मात्र कुठलंही करू नका. चर्चगेटचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम मिळालं तर डोळे मिटून घ्या. लाखो रुपये फी घेणाऱ्या अनोळखी कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज काढण्यापेक्षा पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी द्या. आणि हो, विद्यापीठाकडून डिग्री सर्टिफिकेट यायला वेळ लागतो, मार्कशीट जपून ठेवा.