पडदा न पाहता ध्वनिमुद्रण

प्रश्न : मी पूर्णपणे दृष्टिहीन असून मिरजेत हार्मोनियमच्या शिकवण्या घेतो. तबल्याच्या विद्यार्थ्यांसाठी लेहरे (तबल्यासोबत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटी) घरीच मुद्रित करावेत अशी माझी इच्छा आहे. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे आणि त्यावर मी एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून सांगणारा स्क्रीन रीडर वापरतो. मात्र एका परिचिताने दिलेल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडीए केवळ खिडकीचे नाव सांगून गप्प बसतो, त्यामुळे माऊस चालवायला धाकट्या भावाला शेजारी बसवावे लागते. हे काम मला एकट्याला जमेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नक्की जमेल. एनव्हीडीए गप्प बसतो यात तुमची चूक नाही आणि त्याचीही नाही. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नसतो. हे बटण आहे, याचे नाव अमुक, याची सध्याची स्थिती तमुक, अशी जी माहिती सॉफ्टवेअर विंडोजला पुरवते तेवढीच तो वाचतो. संगीताची पुष्कळ सॉफ्टवेअर आपली बटणे आणि सरकपट्ट्या स्वतःच रंगवतात आणि ही माहिती पुरवतच नाहीत.

तुम्ही रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्याला ओसारा हे मोफत विस्तार-साधन जोडावे. ओसाराचा आरंभ जेम्स टेह यांनी केला. ते स्वतः दृष्टिहीन आहेत आणि एनव्हीडीएच्या दोन संस्थापकांपैकी एक आहेत. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. कंट्रोल-टी दाबल्यावर नवा ट्रॅक तयार होतो, कंट्रोल-आरने मुद्रण सुरू होते आणि वर-खाली बाणांनी ट्रॅक बदलत गेल्यास प्रत्येकाचे नाव व स्थिती ऐकू येते. एफ-१२ दाबल्यावर सुरू होणाऱ्या मदत-अवस्थेत कोणतीही कळ दाबली तरी काम न होता फक्त तिचा अर्थ सांगितला जातो. पहिले काही दिवस तिथेच रमावे.

लेहऱ्यासाठी आधी लय ठरवून चार मात्रांचे माप ठेवा आणि मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवा. तीनतालाचे एक आवर्तन बरोबर चार मापांत बसते आणि पेज डाउनने एकेक माप पुढे सरकता येत असल्याने समेवर पोहोचून एस या कळीने तुकडा कापणे अगदी सोपे होते.

खरी अडचण प्लगइनमध्ये, म्हणजे रीपरला जोडायच्या ध्वनी-परिणामांच्या व वाद्यांच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये येते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. प्लगइनची खिडकी मुकी असली तरी तो आपल्या नियंत्रणांची नावे आणि सध्याची स्थिती रीपरच्या स्वाधीन करत असतो. ओसारा त्या यादीतून साधी, बोलणारी खिडकी उभी करतो, आणि त्यामुळे न वाचता येणारा रिव्हर्बसुद्धा (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन) तुम्हाला हवा तसा लावता येतो. परंतु काही निर्माते नियंत्रणांना नावेच देत नाहीत, आणि प्रीसेट (तयार मांडणी) निवडण्याची किंवा परवाना नोंदवण्याची खिडकी तर बहुधा या यादीबाहेरच राहते. म्हणून चाचणी-आवृत्ती हाताळल्याशिवाय कोणताही प्लगइन विकत घेऊ नका. सुरुवातीला रीपरसोबत येणारे रीआ-ईक्यू (स्वरांचा जाड-बारीकपणा जुळवणारा) आणि रीआ-कॉम्प (आवाजातील चढउतार आवरणारा) हे प्लगइन पुरेसे आहेत. सिंथसाठी (इलेक्ट्रॉनिक स्वर निर्माण करणाऱ्या वाद्यासाठी) सर्ज एक्सटी मोफत असून स्क्रीन रीडरला चांगली साथ देतो. प्लगइन बांधण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जूस या चौकटीत २०२१ पासून स्क्रीन रीडरची सोय आलेली आहे, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्या निर्मात्याकडे ही मागणी तुम्ही हक्काने करावी.

आणखी एक दक्षता घ्या. एनव्हीडीएचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या ध्वनी-यंत्रणेतून आणि संगीत वेगळ्या ऑडिओ इंटरफेसमधून (माइक व हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या बाहेरच्या उपकरणातून) ऐका. दोन्ही एकाच हेडफोनमध्ये आले, की बोलण्याखाली सूर झाकला जातो. बोलणे एका कानातल्या छोट्या इअरफोनवरच ठेवा, स्पीकरवर नको, कारण हार्मोनियमसमोरचा माइक तेही टिपून घेईल.