स्टोअरमधली वही

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेलं आमचं मशिन शॉप आहे, साधारण ८० माणसं. दिवाळीनंतर मी ईआरपी (माल, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, ट्रेनिंग दिलं, नोटीसही लावली. तरी स्टोअरचे काका सगळं वहीतच लिहितात आणि संध्याकाळी कुणीतरी ते कॉम्प्युटरवर चढवतं. बाहेरचा सल्लागार आणावा का? तो नेमकं काय करतो?
– एक वाचक, मोशी

उत्तर : आणा. पण ‘माझी माणसं सुधारून द्या’ असं काम त्याला देऊ नका. मी स्वतः याच धंद्यात आहे, ते काम मी घेत नाही. मालक सांगतात ते दुखणं बहुतेक वेळा अर्धंच असतं. म्हणून सुरुवातीला मी केबिनमध्ये न बसता स्टोअरच्या खिडकीपाशी उभी राहते, शक्यतो पाळी बदलताना. काकांना एवढंच विचारीन : वहीत असं काय लिहिता, जे स्क्रीनवर मावत नाही? कोणता इन्सर्ट (कटिंग टूलचं बदलायचं पातं) कुणी उसना नेला, कुठल्या गाडीतला लोखंडी बार गंजका आला, मशिन थांबली म्हणून चिठ्ठीशिवाय काय दिलं, असं बरंच निघतं. शिवाय वही गेली की काकांना विचारायला कुणी येणार नाही. हे ते बोलून दाखवणार नाहीत.

कोण काय बोललं, हे मी मालकाला सांगत नाही. पहिल्याच भेटीत तसं कबूल करून घेते.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा १९४८चा एक अभ्यास आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या, पायजमे शिवणाऱ्या हारवूड कारखान्यात कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बैठक घेऊन नुसतं कारण समजावलं. पहिल्या ४० दिवसांत त्यातले १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांनी नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला, त्यांतलं त्या काळात कुणी गेलं नाही. गट छोटे होते, त्यामुळे टक्क्यांवर मी फार भर देत नाही. पण तुमची नोटीस आणि ट्रेनिंग म्हणजे तो पहिला गटच झाला.

तेव्हा आधी फक्त कटिंग टूल्स घ्या. स्क्रीनवर कोणते रकाने हवेत ते काका आणि दोन ऑपरेटर ठरवतील. तोवर वही चालू राहू दे. ती कधी बंद करायची ती तारीखही त्यांनीच द्यावी, पण द्यावी जरूर. आणि तुम्ही ‘काका, किती शिल्लक आहे?’ असा फोन करणं आजपासून थांबवा, शिल्लक स्क्रीनवरच बघा. आकडा चुकलेला दिसला तर आरडाओरडा नको, नाहीतर उद्यापासून आकडे फक्त तुम्हाला बरे वाटतील असे भरले जातील.

वडील अजून सकाळी शॉपमध्ये चक्कर मारत असतील, तर हे सगळं सुरू करण्याआधी त्यांच्याशी बोला. त्यांनी जाता जाता सवयीने ‘वहीत टिपलंय ना?’ म्हटलं, तर काका त्यांचंच ऐकणार.