तोटा भरून काढायला एफडी मोडू का?

प्रश्न: डोंबिवलीला राहतो, वय ४४, नोकरी फोर्टला. लोकलच्या ग्रुपमधले चौघं शेअर बाजारातल्या ऑप्शन्समधून कमावतात, रोज स्क्रीनशॉट टाकतात. मीही २ लाख घातले, आता १ लाख ३० हजार उरलेत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलेली ५ लाखांची एफडी मोडून तोटा भरून काढावा का? फी पुढच्या वर्षी भरायची आहे.

उत्तर: नाही. एफडीला हात लावू नका.

तुमच्या मनात हा विचार का आला, ते आकड्यांत बघा. १ लाख ३० हजारांचे परत २ लाख व्हायला जवळपास ५४ टक्के नफा हवा. तो अशक्य वाटतो. त्यात ५ लाख घातले की तेच ७० हजार म्हणजे जेमतेम ११ टक्के, आणि काम एकदम सोपं वाटायला लागतं. पण सोपं काहीच झालेलं नाही. गेलेल्या ७० हजारांसाठी तुम्ही ६ लाख ३० हजार पणाला लावताय. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच मांडलं होतं: तोट्यात असलेला माणूस ठरलेला लहान तोटा सोसण्यापेक्षा मोठी जोखीम पत्करतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०२४ च्या अहवालानुसार ३ वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि तोटा होऊनही त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी ट्रेडिंग सोडलं नाही.

ग्रुपमधले लोक खोटं बोलतात असं नाही. पण तोट्याच्या दिवशी स्क्रीनशॉट कोण टाकतं? त्यांच्यापैकी एकाकडे ब्रोकरच्या अ‍ॅपमधला गेल्या पूर्ण आर्थिक वर्षाचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, मागा. ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यांवरचा कर) वजा जाता काय उरलं तेवढंच बघा.

आता पोझिशन्स (चालू सौदे) बंद करा, उरलेले पैसे बँकेत वळवा आणि अ‍ॅपमधला एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घ्या. ग्रुप म्यूट करा. हे मला सेगमेंट बंद करण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. बँक तयार असेल तर एफडीवर पत्नीचं नाव घालून 'दोघांची सही' हा पर्याय घ्या, म्हणजे रात्री अकराला मोबाईलवर एकट्याने ती मोडता येणार नाही.

७० हजारांचा तोटा इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये जरूर दाखवा. पगारदारांनाही त्यासाठी आयटीआर-३ हा फॉर्म भरावा लागतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही, एफडीच्या व्याजातून होतो. उरलेला पुढची ८ वर्षं धंद्याच्या उत्पन्नासमोर दाखवता येतो, मात्र रिटर्न मुदतीत भरलं तरच.