किटबॅग खाली काढा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ उजव्या हातानं वेगवान गोलंदाजी करायचा. पार्क मैदानावरच वाढला. निवड चाचणीला हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचा, मी पहाटे उठून भाकरी आणि शेंगा चटणी बांधून द्यायचे. दोन रणजी सामने खेळला आणि कंबर धरली. "स्नायू आखडलाय, टाकत राहा," असं सांगण्यात आलं. शेवटी एमआरआयमध्ये मणक्याला तडा निघाला. आता 24 वर्षांचा आहे, दीड वर्ष घरीच बसून. वडील यंत्रमागावर आहेत. गल्लीत म्हणतात, रणजी खेळला म्हणजे चिक्कार पैसा आला असेल. डोळ्यांपुढं नको म्हणून मी त्याची किटबॅग माळ्यावर टाकली, तर दोन दिवस जेवला नाही. माझं काय चुकलं?
— एक बहीण, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, बॅग आजच खाली काढा. तो आंघोळीला गेला की गुपचूप होती त्या जागी ठेवा, त्यावर काही बोलू नका. मी तीन रणजी सामने खेळलो आणि खांद्यानं थांबवलं. आईनं माझे स्पाइक्स शेजारच्या मुलाला देऊन टाकले. तिनं मायेनंच केलं, पण मला वाटलं, माझ्याआधी घरानंच हार मानली. थांबायचं कधी, एवढं तरी माझ्या हातात हवं होतं.

दुखापतीबद्दल घरात एकदा स्पष्ट बोला. उजव्या हातानं टाकणाऱ्याला हा तडा बहुतेक वेळा कमरेच्या खालच्या मणक्यात, डाव्या बाजूला जातो. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि नेमकी तेव्हाच कंबर वाकते आणि पिळवटते. विशीच्या सुरुवातीला तिथलं हाड पुरतं पक्कं नसतं. दुखत असताना टाकायला लावलं, हे वाईट झालं. त्यात त्याचा दोष नाही. सिद्धरामेश्वराचा नवस राहिला असं कुणी म्हणालं तर तेही मनावर घेऊ नका.

लोक बुमराहचं नाव घेतील. मार्च 2023 मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये गोलंदाजी करत होता. पण त्याच्यामागं रोज फिजिओ होते. तुमच्या भावाला खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडं न्या आणि दोनच गोष्टी विचारा : तडा जुळलाय का, आणि ॲक्शन (चेंडू टाकायची ढब) न बदलता पुन्हा टाकता येईल का. उत्तर "नाही" आलं तरी ते त्याच्यासमोरच येऊ द्या.

पैशाचं म्हणाल, तर नव्या खेळाडूला रणजीत दिवसाला 40 हजार मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे 1 लाख 60 हजार, दोन सामन्यांचे 3 लाख 20 हजार. सामना नाही तर ती फीही नाही. उपचार, खुराक, गाडीभाडं यांत ते कसे गेले हे तुम्हाला ठाऊकच आहे. गल्लीत हा आकडा बेधडक सांगा, म्हणजे त्याला मान खाली घालून जावं लागणार नाही.

पुढचं काय, हे आज काढू नका. तो स्वतः विचारेल तेव्हा सांगण्यासारखी दोन माणसं आहेत. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज शेन बाँड पाठीच्या आणि इतर दुखापतींनी बेजार होता, 18 कसोटीच खेळला. त्यांत त्यानं 87 बळी घेतले आणि नंतर मुंबई इंडियन्सच्या गोलंदाजांना शिकवलं. नितीन मेनन मध्य प्रदेशकडून फक्त दोन एकदिवसीय सामने खेळले, मग पंच झाले आणि 2020 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे जगातल्या अव्वल पंचांच्या यादीत, पोचले. पंचांची परीक्षा राज्य संघटनेमार्फत देता येते. मला स्वतःला तुमच्या भावासाठी हा रस्ता आवडतो, कारण चेंडू टाकणाऱ्याच्या पायाखाली काय घडतं हे त्यानं अंगावर घेतलंय.

एक मात्र आज रात्री जेवताना विचारा : रणजीतली पहिली विकेट कशी काढलीस रे? मला कुणी विचारलं तर चेंडूची शिवण कुठं होती, तेही मी अजून सांगतो.