गोवा बोर्डाच्या दहावी-बारावीच्या विज्ञानात नवं तंत्रज्ञान कितपत शिकवतात?

दहावीत फारच थोडं, बारावीच्या जीवशास्त्रात बऱ्यापैकी; पण तेही वीस ते चाळीस वर्षांपूर्वीचं 'नवं'. गोवा बोर्डात विज्ञानाला एनसीईआरटीचीच पुस्तकं लागतात, त्यामुळे तिथं जे गळलं ते इथंही गळलं. दहावीचा ऊर्जास्रोतांचा अख्खा धडा 2022-23 च्या अभ्यासक्रम-कपातीत गेला. एक सौरघट साधारण 0.5 ते 1 व्होल्ट आणि 0.7 वॅट देतो, म्हणून पॅनेलमध्ये कितीतरी घट जोडावे लागतात, हे त्यात होतं. आज म्हापशात घरोघरी छपरांवर पॅनेल चढताहेत आणि पुस्तकातून ते उतरलंय, ही गंमतच म्हणायची.

बारावीच्या जैवतंत्रज्ञानात बीटी कापूस, 1983 चं मानवी इन्सुलिन, 1990 ची पहिली जनुकोपचार चाचणी आहे. इन्सुलिनचं उदाहरण उत्तम: त्याच्या ए आणि बी या दोन साखळ्या ई. कोलाय या जीवाणूत वेगवेगळ्या तयार करून मग जोडल्या, म्हणजे नुसतं 'शोध लागला' नाही, कसं केलं तेही कळतं. 2020 चं नोबेल मिळालेलं क्रिस्पर हे जनुकांत बदल करण्याचं तंत्र मात्र मुलांना बाहेरच वाचावं लागतं.

कोडिंग-रोबोटिक्स विज्ञानाच्या पुस्तकात शोधू नका. ते राज्याच्या 'केअर्स' योजनेतून सहावी ते आठवीला स्वतंत्र शिकवतात.

एक मात्र, नव्या शैक्षणिक धोरणानुसार एनसीईआरटीची पुस्तकं इयत्तेगणिक बदलताहेत. तेव्हा मोठ्या भावंडाचं जुनं पुस्तक वापरणार असाल तर छपाईचं वर्ष आधी बघा.