सतत हरणाऱ्या एडमंटन एल्क्सच्या चाहत्याने आशा धरावी ती कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडमंटनला आल्यापासून तुम्ही एल्क्सचे चाहते झालात, संघ २०१९ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये गेलेला नाही आणि ऑफिसमधले जुने चाहते दर जूनमध्ये 'यंदा नक्की' म्हणतात. मग २०२६ च्या हंगामात आशा धरायची ती कशाच्या जोरावर? (इतर वाचकांसाठी: इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हाताने फेकायचा, तीन डाउनांचा, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला तीन प्रयत्न देणारा कॅनेडियन खेळ. प्लेऑफ म्हणजे साखळी सामन्यांनंतरची बाद फेरी.)

माझं उत्तर: क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, नावावर नको. पहिल्या डाउनवर मिळणारे यार्ड आणि राखीव बाकावरचे कॅनेडियन खेळाडू, या दोन गोष्टींवर ठेवा.

हा संघ मुळात रडका नाही. १९७८ ते १९८२ सलग पाच ग्रे कप (लीगचं विजेतेपद) आणि १९७२ ते २००५ सलग ३४ हंगाम प्लेऑफ, असा त्याचा इतिहास. चौदावा आणि शेवटचा ग्रे कप २०१५ चा. त्यानंतरची घसरगुंडी मात्र पाहवत नाही. २०२१ मध्ये ३ विजय, ११ पराभव. २०२२ आणि २०२३ मध्ये ४-१४. २०२४ आणि २०२५ मध्ये ७-११. मधल्या काळात घरच्या मैदानावर सलग २२ सामने गमावले. २७ ऑगस्ट २०२३ ला ओटावाला ३०-२० ने हरवलं तेव्हा कुठे ते ग्रहण सुटलं.

आता याच आकड्यांत आशा कुठे आहे ते बघा. २०२३ मध्ये सुरुवात ०-९ होती, उरलेल्या नऊ सामन्यांत ४-५. २०२४ मध्ये सुरुवात ०-७, पुढच्या अकरात ७-४. म्हणजे ऑगस्टनंतरचा एल्क्स बरा खेळतो, जून-जुलैचा एल्क्स हंगाम बुडवतो. १८ सामन्यांत ९ विजय मिळाले तर प्लेऑफच्या शर्यतीत राहता येतं, पण सात-नऊ सामने आधीच घालवल्यावर ते गणित बसत नाही. म्हणून पहिल्या सहा सामन्यांत तीन विजय, एवढीच माफक मागणी करा. दोन आले तरी श्वास चालू आहे. त्याखाली गेलात तर गुणतक्ता रोज उघडायची सवय सोडा, रक्तदाब तरी आटोक्यात राहील.

जूनमध्येच का बुडतात? मोठं कारण प्रशिक्षकांची सततची मोडतोड. २०१९ च्या हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक जेसन मास गेले. त्यांच्या जागी आलेले स्कॉट मिलानोविच एकही सामना न खेळवता गेले, कारण २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. जेमी एलिझोंडो एक हंगाम टिकले. ख्रिस जोन्स २०२४ मध्ये ०-५ नंतर गेले, जॅरियस जॅक्सन यांनी तो हंगाम पुरा केला आणि २०२५ ला मार्क किलॅम आले. प्रत्येकाची चाली रचण्याची पद्धत वेगळी, खेळाडूंची पसंती वेगळी. मे महिन्यातल्या तीन आठवड्यांच्या सराव शिबिरात आणि दोन सराव सामन्यांत हे सगळं बसवायचं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी बदलण्यासारखं. त्यात खेळाडूंचे करार बहुतेक एक-दोन वर्षांचे. फेब्रुवारीत बाजार उघडला की निम्मा संघ ओळखू येत नाही. म्हणूनच मी नावांच्या भरीला पडत नाही. किलॅम यांचा दुसरा हंगाम हीच मला यंदाची सर्वांत चांगली बातमी वाटते.

आता मैदानावर काय बघायचं? तीन डाउन म्हटले तरी तिसऱ्यावर बहुधा पंट (चेंडू लाथेने लांब धाडून समोरच्यांना देणं) किंवा फील्ड गोल (खांबांमधून किक मारून तीन गुण) असतो, म्हणजे दहा यार्डांसाठी हातात खरे प्रयत्न दोनच. पहिल्यावर पाच-सहा यार्ड मिळाले तर दुसऱ्यावर धाव आणि पास दोन्ही शक्य, बचाव फळी संभ्रमात. पहिल्यावर पास खाली पडला की दुसऱ्यावर दहा बाकी. आता पास येणार हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही कळतं. बचावातला पाचवा, सहावा गडी क्वार्टरबॅकवर धावून येतो. पास झेलणाऱ्या रिसीव्हरला पंधरा यार्ड पळून वळायला लागणारा वेळ क्वार्टरबॅकला जपणारी पुढची रांग, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, देऊ शकत नाही. चेंडू घाईने सुटतो किंवा सॅक होतो, म्हणजे क्वार्टरबॅकच चेंडूसकट पाडला जातो, आणि पंटची टोळी मैदानात येते. याला तिकडे 'टू अँड आउट' म्हणतात. खरं नुकसान मात्र त्यानंतर दिसतं: आपल्या बचाव फळीने पाण्याची बाटली तोंडाला लावेपर्यंत तिला परत उतरावं लागतं. असं पहिल्या अर्धात चार-पाच वेळा झालं की चौथ्या क्वार्टरला तीच फळी समोरच्याला पाडताना (टॅकल) चुकायला लागते, आणि बाहेर पडणारे लोक म्हणतात 'डिफेन्सने घालवला'.

उलट, दोन डाउनांत नऊ यार्ड जरी झाले तरी काम झालं. इथे बचाव फळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं, त्यामुळे एक यार्ड बाकी असताना क्वार्टरबॅकने सरळ डोकं खाली घालून घुसणं सहसा फसत नाही. माझा ठोकताळा: पहिल्या डाउनच्या दहा चालींपैकी पाचांत पाच किंवा जास्त यार्ड मिळत असतील तर स्कोअर काहीही असो, संघ सुधारतोय. दोन सामने वहीत खुणा करून पाहा.

दुसरी गोष्ट कॅनेडियन खेळाडूंची, आणि माझ्या मते कट्टर चाहतेही इथे चुकतात. सुरुवातीला उतरणाऱ्यांत सात कॅनेडियन ठेवावे लागतात, बाकी बहुतेक अमेरिकन. बरेच संघ पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये दोन-तीन बसवतात, बाकीचे रिसीव्हर किंवा बचावातल्या सेफ्टी, डिफेन्सिव्ह टॅकल अशा जागांवर. समजा लाइनमधला डावा गार्ड कॅनेडियन आहे आणि त्याचा गुडघा दुखावला. राखीव बाकावर तोडीचा कॅनेडियन असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तिथे अमेरिकन उतरवायचा आणि आकडा जुळवायला दुसरीकडे, समजा रिसीव्हरमध्ये, चपळ अमेरिकनला बाकावर बसवून कॅनेडियनला घ्यायचा. दुखापत एक, कमकुवत झाल्या दोन जागा. प्रेक्षकाला दिसतो फक्त चुकलेला पास.

म्हणून फेब्रुवारीच्या मोठ्या करारांपेक्षा वसंतातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या कॅनेडियन खेळाडूंच्या फेरीवार निवडीत, कोण घेतले ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला विद्यापीठातला लाइनमन दोन वर्षांनी संघ तारतो. ट्रे फोर्डसारखा कॅनेडियन क्वार्टरबॅक खेळला तर तोही सातांत मोजला जातो. हा फायदा खरा, पण क्वार्टरबॅक निवडताना एवढंच पाहायचं नसतं.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये संघ लोकसंस्थेकडून लॅरी थॉम्पसन यांच्याकडे गेला. पण पगाराची मर्यादा प्रत्येक संघाला सारखीच, सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर. मालक श्रीमंत आला म्हणून पाच मोठे खेळाडू विकत घेता येत नाहीत. इतरांनाही येत नाहीत, हे आपल्या पथ्यावर पडतं. ओटावा २०१४ ला २-१६ होता, २०१६ ला ग्रे कप विजेता. विनिपेगचं उदाहरण मला जास्त पटतं. तिथले प्रशिक्षक माइक ओशे यांची पहिली दोन वर्षं ७-११ आणि ५-१३. तिसऱ्याची सुरुवात १-४. तरीही त्यांना ठेवलं, क्वार्टरबॅक बदलला, सलग सात सामने जिंकले आणि हंगाम ११-७ ने संपवला. २०१९ ला तिथे २९ वर्षांनी कप आला.

२०२६ मध्ये नियमही थोडे बदलतात. चाल संपताच ३५ सेकंदांचं घड्याळ आपोआप सुरू होईल, पूर्वी पंचांच्या शिट्टीनंतर २० सेकंद मिळत. खेळाडू बदलताना गोंधळ घालणाऱ्या संघाला पेनल्टी बसेल, तेव्हा पहिल्या दोन सामन्यांत तेवढं मोजाच. शिवाय किक थेट एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) बाहेर गेली तर मिळणारा एक गुण आता मिळणार नाही. हुकलेल्या फील्ड गोलवर पदरात पडणारं ते चणे-फुटाणे बंद.

क्रॉसओव्हरचं गाजर धरू नका. आपल्या पश्चिम विभागातला चौथा संघ पूर्वेतल्या तिसऱ्यापेक्षा सरस असेल तर त्याची जागा घेतो, नुसती बरोबरी चालत नाही. २०१९ ला एडमंटन असाच गेला, माँट्रियलला हरवून पुढच्या फेरीत हॅमिल्टनकडून हरला. २०२५ पर्यंत क्रॉसओव्हरने आलेला एकही संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही.

त्यापेक्षा सप्टेंबर सांभाळा. लेबर डेला कॅलगरीत सामना, आणि लगेच परतीची लढत कॉमनवेल्थ स्टेडियमवर. दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी आपसातले निकाल बघतात, तेही सारखे असतील तर आपसातल्या गुणांचा फरक. नेट रन रेट म्हणा, फक्त दोघांपुरता. त्यामुळे कॅलगरीत १७ गुणांनी मागे असताना शेवटच्या मिनिटाला एल्क्सने फील्ड गोल मारला तर 'आता काय उपयोग' म्हणून पार्किंगकडे निघू नका. ते तीन गुण ऑक्टोबरमध्ये लागतात.