तारा विझला नाही? तेही लिहा

प्रश्न : काका, मी नाशिकरोडला राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीची दुर्बीण) आहे. गेल्या महिन्यात एक लघुग्रह दहाव्या प्रतीच्या, म्हणजे बऱ्याच मंद, ताऱ्यासमोरून जाणार होता आणि सावलीचा पट्टा नाशिकवरून होता. रात्री दोनपर्यंत गच्चीवर जागलो, पण तारा जसाच्या तसा. भाकीत चुकलं की माझं काही चुकलं? आणि जागून हाती काय आलं?

उत्तर : हाती ‘नाही’ आलं, आणि तो ‘नाही’ पक्का असेल तर त्याला किंमत आहे. माझं आयुष्य सातपूरच्या एका टूलरूममध्ये गेलं. तिथे भोक मोजायला गो आणि नो-गो असं दुतोंडी गेज असे. एक तोंड आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं नाही हे तपासल्याशिवाय नग पास होत नसे. पिधानातही, म्हणजे लघुग्रहाने तारा झाकण्यातही, तसंच आहे.

तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्याकडे समांतरच येतात, म्हणून लघुग्रहाची सावली त्याच्याएवढीच रुंद पडते. 40 किलोमीटरचा लघुग्रह म्हणजे सुमारे 40 किलोमीटरचा पट्टा. सिन्नरला तारा तीन सेकंद गायब आणि नाशिकरोडला काहीच नाही, असं खुशाल होऊ शकतं. सिन्नरवाल्याच्या तीन सेकंदांवरून त्या जागी लघुग्रह किती रुंद होता ते कळतं, आणि तुझ्या ‘नाही’वरून तो कुठे संपला ते. कड ठरवणारा तू असतोस.

याचं मोठं उदाहरण 2017 सालचं. नासाच्या न्यू होरायझन्स यानाला प्लुटोपलीकडच्या ज्या छोट्या वस्तूजवळून जायचं होतं (आज तिला अ‍ॅरोकॉथ म्हणतात), तिची सावली टिपायला 3 जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणींची रांग लावली होती. एकालाही काही दिसलं नाही. त्या कोऱ्या नोंदींवर बराच खल झाला, आकाराचे अंदाज बदलले. 17 जुलैला मंडळी पुन्हा अर्जेंटिनातल्या चुबुत प्रांतात उतरली. वारा इतका की दुर्बिणी हलू नयेत म्हणून आडोशाला ट्रक उभे केले होते, हायवेसुद्धा बंद ठेवला होता. त्या रात्री पाच दुर्बिणींतून तारा विझला, आणि ती वस्तू लांबट, बहुधा दोन गोळे चिकटलेली असावी असं दिसलं. 1 जानेवारी 2019 ला यान जवळून गेलं तेव्हा फोटोत तेच निघालं.

आता तुझा ‘नाही’ पक्का आहे का ते बघू. पहिली शंका तारखेची. ही भाकितं यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असतात. 17 तारखेचे 20:30 यूटी म्हणजे आपल्याकडे 18 तारखेला पहाटेचे दोन. भलत्याच रात्री जागणारे खूप असतात. दुसरी शंका ताऱ्याची : तोच तारा होता ना? तारा पळून जात नाही, दोन-तीन रात्री आधीच शोधून शेजारच्या ताऱ्यांचा आकार डोक्यात पक्का करायचा. तिसरी शंका डॉब्सोनियनची. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप वळणं) नसेल तर जास्त पॉवरला, म्हणजे खूप मोठं करून बघताना, तारा मिनिटाभरात आयपीसबाहेर (डोळा लावायच्या भिंगाबाहेर) जातो. तू नळी सरकवत असताना ते तीन सेकंद गेले, तर त्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही. ‘बघत नव्हतो’ असं लिहायचं. म्हणून पॉवर कमी ठेव.

भाकिताचं म्हणशील तर पूर्वी पट्टा शेकडो किलोमीटर सरकायचा. गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने मोजल्या की आता चांगल्या माहितीतल्या लघुग्रहाचा पट्टा बराच भरवशाचा असतो. तरी कडेला राहणाऱ्याने कडेचं गृहीत धरावं.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेत दोन लहान दुर्बिणी आहेत, मोबाईल सगळ्यांकडे. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन असं निरीक्षण जमेल का? घड्याळ कोणतं वापरावं?

उत्तर : बाई, घड्याळाचं विचारलंत म्हणजे निम्मं काम झालं. लोक आधी दुर्बिणीची किंमत विचारतात.

सावली जमिनीवरून सेकंदाला 10-20 किलोमीटर धावते. मुलाने तारा विझताच ‘गेला!’ म्हटलं, तरी डोळ्यापासून तोंडापर्यंत तीन-चार दशांश सेकंद जातात. 15 किलोमीटरचा वेग धरला तर हा पाच-सहा किलोमीटरचा फरक झाला. त्यामुळे डोळ्यावर न राहता आयपीसला मोबाईल बांधून व्हिडिओ घ्या. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एक फ्रेम 0.04 सेकंदाची, तेवढ्यात सावली 600 मीटर जाते. वेळेसाठी इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर लावा आणि व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याचा पडदा याच कॅमेऱ्याला दाखवा. भिंतीवरचं घड्याळ नको, टीव्हीवरचं तर नकोच.

लहान दुर्बीण आणि मोबाईल असेल तर तारा ठळक निवडा, सातव्या-आठव्या प्रतीपर्यंतचा (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा ठळक). असे प्रसंग कमी येतात, पण ऑकल्टवॉचर नावाचा मोफत प्रोग्राम तुमच्या गावचे अक्षांश-रेखांश घेऊन यादी काढून देतो. लघुग्रह ताऱ्यापेक्षा बराच मंद आहे ना हेही त्यात पाहा. दोघे सारख्याच तेजाचे असतील तर तारा विझत नाही, उजेड फक्त निम्मा होतो आणि मुलं हिरमुसतात.

दोन्ही दुर्बिणी शाळेच्याच मैदानात लावू नका. पट्टा पूर्व-पश्चिम असेल तर एक दिंडोरीत, दुसरी वणीला. नाशिक आणि सिन्नरचं कुणी मिळालं तर उत्तमच, ही चार गावं साधारण दक्षिणोत्तर पसरलेली आहेत. फ्रेममध्ये शेजारचा एक तारा नक्की ठेवा. दोन्ही तारे एकदम मंदावले तर तो ढग. किंवा तुमच्या भागात धूर! जानेवारीत पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि धुराचा थर पहाटेपर्यंत हलत नाही. बागायतदाराशी भांडू नका, घड वाचवणं त्याचं पोट आहे. तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा.

मुलांना हेही सांगा की हे काम आपल्याकडे नवं नाही. लघुग्रहाने तारा झाकल्याची पहिली नोंद स्वीडनमधली, 1958 ची, जूनो या लघुग्रहाची. त्यानंतर 2 ऑक्टोबर 1961 ला पॅलासने एक तारा झाकला, तेव्हा तो प्रकाशमापकाने टिपला गेला नैनीतालच्या वेधशाळेतून.

प्रश्न : लघुग्रहाने तारा झाकला तर ग्रहणासारखं काही पाळायचं असतं का? आमच्या आई विचारतात. (त्र्यंबकेश्वर)

उत्तर : आईंना नमस्कार सांगा. स्पर्श आणि मोक्ष यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर असतं, आंघोळीचं पाणी काढायलाही वेळ मिळत नाही. शिवाय असे प्रसंग पृथ्वीवर कुठे ना कुठे रोजच घडत असतात. त्यांना गच्चीवर घेऊन या, शाल मात्र द्या. अंजनेरीकडून येणारा वारा डिसेंबरात चांगलाच बोचतो.